पहिल्या बेसवर आउट की सेफ: नजर बेसवर, कान ग्लोव्हकडे

बेसबॉलमध्ये अंपायरने पहिल्या बेसवरचा चुरशीचा निर्णय देताना दोन गोष्टी एकाच वेळी तपासायच्या असतात: फटका मारून धावत आलेल्या रनरचा पाय बेसला कधी लागला आणि चेंडू बेसवरच्या क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हमध्ये कधी आला. एका नजरेत दोन्ही मावत नाहीत. म्हणून पाय बघायचा आणि चेंडू ऐकायचा.

थ्रो येणाऱ्या रेषेशी साधारण काटकोन साधून, बेसपासून 15 ते 18 फुटांवर थांबा. पळता पळता निर्णय देऊ नका, डोकं हललं की नजर हलते. थ्रो हातातून सुटताना चेंडूकडे बघा. तो सरळ येतोय एवढं कळलं की नजर बेसवर आणा आणि तिथेच ठेवा. ग्लोव्हचा 'थप्प' आवाज आधी आला तर आउट, पाय आधी लागला तर सेफ. नियमानुसार चेंडू रनरच्या आधी पोहोचला पाहिजे. दोन्ही एकदमच आले असं वाटलं तर आउट देता येत नाही. आउट वाटला तरी हात लगेच उचलू नका. चेंडू पक्का पकडलाय, ग्लोव्हमधून सुटत नाहीये, हे दिसू द्या आणि मगच आउटची खूण म्हणून मूठ वर करा.

ही पद्धत कुठे कोलमडते, ते 26 ऑक्टोबर 1985 ला दिसलं. वर्ल्ड सीरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग. सेंट लुईस कार्डिनल्स मालिकेत 3-2 आणि सामन्यात 1-0 ने पुढे. कॅन्सस सिटी रॉयल्सच्या हॉर्हे ओर्टाचा ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) कार्डिनल्सचा फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक, जॅक क्लार्कने अडवला आणि चेंडू बेसवर धावत आलेल्या पिचर (गोलंदाज) टॉड वॉरेलकडे हळूच फेकला. ओर्टा स्पष्ट आउट होता, पण अंपायर डॉन डेंकिंगर यांनी सेफ दिलं. त्यांनी नंतर दिलेलं कारण शिकण्यासारखं आहे: वॉरेल उंच, थ्रोही वर आलेला, त्यामुळे ग्लोव्ह आणि पाय एकत्र दिसेनात. चेंडू हळू आणि गर्दीचा गोंगाट प्रचंड, म्हणून आवाजही ऐकू आला नाही.

खरं तर ओर्टा पुढे तिसऱ्या बेसवर आउट झाला, म्हणजे धाव त्याची नव्हतीच. पण कार्डिनल्सचा एक आउट हुकला, मग फाउल चेंडूचा सुटलेला झेल आणि पास्ड बॉल (कॅचरच्या हातून निसटलेला चेंडू). शेवटी पिंच हिटरच्या (बदली फलंदाजाच्या) फटक्यावर दोन धावा आल्या आणि रॉयल्स 2-1 ने जिंकले. सातवा सामना त्यांनी 11-0 ने घेतला. सगळं खापर डेंकिंगर यांच्यावर फोडणं म्हणूनच अर्धवट वाटतं.

तेव्हा पिचर बेस कव्हर करायला धावताना दिसला आणि थ्रो जवळून, हळू येणार असेल, तर आवाजावर विसंबू नका. दोन पावलं मागे सरका, म्हणजे बेस आणि ग्लोव्ह एकाच चौकटीत येतात. जवळ जाऊन जास्त दिसतं हा भ्रम आहे. जवळून नजर वर-खाली करावी लागते आणि निर्णायक क्षण तेवढ्यात निघून जातो.

मेजर लीगमध्ये 2014 पासून असे निर्णय रिप्लेवर तपासता येतात. शालेय स्पर्धेत ती सोय नसते. तिथे सहकारी अंपायरला विचारायचं ते क्षेत्ररक्षकाचा पाय बेसवरून सुटला का, चेंडू पडला का, टॅग (रनरला चेंडूसह केलेला स्पर्श) लागला का, एवढंच. कोण आधी पोहोचलं, हे ठरवणं तुमचंच काम. प्रशिक्षक आरडाओरडा करत आला म्हणून पुढचा चुरशीचा निर्णय त्याच्या बाजूने झुकवू नका. मग एका डावात दोन चुका होतात.