कोर्स इंग्रजीत होता, फोन मात्र फ्रेंचमध्ये यायचे

फ्रान्सला मास्टर्स करायला निघालेली मुलं मला हमखास एकच प्रश्न विचारतात, कोर्स तर इंग्रजीत आहे मग फ्रेंच कशाला? मीपण निघायच्या आधी हेच विचारत फिरत होते, तरी शहाणपणा म्हणून अलियाँस फ्रान्सेजच्या फ्रेंच क्लासमध्ये ए-टूपर्यंत, म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंत केलेलं, मार्क चांगले पडलेले, त्यामुळे वाटलं की महिनाभरात गाडी रुळावर येईल. लिओनला उतरले, ट्राममध्ये बसले, समोर दोन मुली गप्पा मारत होत्या आणि मला त्यातला एक शब्द कळेना. एक म्हणजे एकसुद्धा नाही.

झालं असं होतं की मला फ्रेंच वाचता येत होतं, ऐकता येत नव्हतं. लिहिलेलं फ्रेंच आणि तोंडातलं फ्रेंच या जवळजवळ दोन भाषा आहेत हे क्लासमध्ये कोणी ठासून सांगत नाही. 'मला माहीत नाही' याला क्लासमध्ये 'ज न से पा' शिकवतात, तेही सावकाश, इथे सगळे नुसतं 'शेपा' म्हणतात. पहिले दोन आठवडे सगळीकडे शेपा शेपा ऐकून मला शेपूची भाजी आठवायची.

कागदपत्रांची भीती घेऊ नका, खरंच. फ्रान्समध्ये पोहोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा, तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात नाव नोंदवायचं (विद्यार्थ्यांना फुकट आहे), घरमालकाला जामीन हवा असेल तर व्हिजालचा फॉर्म भरायचा, हे सगळं स्क्रीनवर आहे, ट्रान्सलेटरला चिकटवलं की भागतं. खरी गोची फोनवर होते कारण तिथे चेहरा नाही, हातवारे नाहीत, आणि समोरच्याला घाई. एका ऑफिसला फोन केला तर रेकॉर्डेड बाई म्हणाली नंबर टाका आणि मग 'द्येझ' दाबा. मला ऐकू आलं 'दीस', म्हणजे दहा, म्हणून मी इमानदारीत एक आणि शून्य दाबलं, फोन कट. तीन वेळा. द्येझ म्हणजे हॅशचं बटण हे मला रूममेटने हसत हसत सांगितलं.

आता आकडे. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, आणि सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. पुस्तकात हे गमतीशीर वाटतं. पण इथे फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, त्यामुळे समोरचा 97 म्हणतो आणि मी 'कात्र' ऐकून 4 लिहिते, 'व्हँ' ऐकून 20 लिहिते, मग 'दीसेत' येतं तोपर्यंत तो दोन जोड्या पुढे गेलेला असतो. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडवाले सत्तरला सेप्तांत आणि नव्वदला नोनांत म्हणतात, किती शहाणी माणसं. (आपल्याकडे एकोणऐंशी आहे म्हणा, जास्त बोलायला नको.) उपाय एकच सापडला, जोडी पूर्ण ऐकायची आणि मगच लिहायची, आणि साठ किंवा ऐंशी ऐकू आलं की पेन थांबवायचं.

वेळेचा तर मी कायमचा धडा घेतलाय. नोव्हेंबरमध्ये रूम बघायला जायचं होतं, फोनवर माणूस म्हणाला 'दझर'. मी ऐकलं 'दूझर'. दोन वाजता आणि बारा वाजता यात फरक फक्त ओठांच्या एका आकाराचा आहे, बाकी मधला झ दोन्हीकडे येतो, बाराच्या शब्दात तो असतोच आणि दोनच्या शब्दाला तो पुढचा शब्द स्वराने सुरू होतो म्हणून चिकटतो. मी बाराला पोहोचले आणि दोन तास थंडीत गेटबाहेर उभी, मनातल्या मनात त्याला शिव्या देत. तो बरोबर दोनला आला, बोंजूर म्हणाला, एक मिनिटही उशीर नाही. नंतर कळलं की दुपारच्या बाराला इथे लोक शक्यतो 'मिदी' म्हणतात, म्हणजे बोलण्यात तसं काही कानावर आलं तर ते दोनच असणार. आता मी प्रत्येक वेळी 'कातोर्झर?' म्हणून चोवीस तासांच्या हिशोबात परत विचारते, चौदा वाजता ना? लाज वाटत नाही.

मराठीचा फायदाही होतो बरं का. तू आणि व्हू म्हणजे आपलं तू आणि तुम्ही, सरांना व्हू, वर्गातल्यांना तू, इंग्रजीवाले इथे अडकतात आपण नाही. लिंगाचीही सवय असते, पण नपुंसकलिंग नाही म्हणून ते टेबल इथे बाई, ते पुस्तक पुरुष, आणि चंद्र चक्क बाई. उच्चारात 'रू' म्हणजे रस्ता म्हणताना तोंडात ई धरायची आणि ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करायचे, नाहीतर रस्त्याचं चाक होतं.

कान कशाने सुधारला? ॲपवरच्या स्ट्रीकने नाही, तिथे माझे दोनशे दिवस झाले होते आणि हॅशचं बटण कळत नव्हतं. आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र असतं, साधारण 10 मिनिटांचं, त्याचा मजकूरही वाचायला मिळतो. आधी न वाचता ऐकायचं, मग वाचत ऐकायचं, मग पुन्हा न वाचता. रोज. शिवाय युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, जिथे तेव्हा 3.30 युरोत जेवण व्हायचं, काउंटरवरच्या बाईंशी दोन वाक्यं जास्त बोलायची. आधी बोंजूर, मग बाकी सगळं, बोंजूर गाळलं तर मदत करणारा माणूसही आखडतो. आणि तुमचा उच्चार ऐकून कोणी इंग्रजीवर आलं तर 'आँ फ्राँसे, सिल व्हू प्ले' (फ्रेंचमध्ये, प्लीज) म्हणा, बहुतेक जण खूश होतात.

हे पहिल्या सेमिस्टरलाच सुरू करा कारण स्ताज, म्हणजे इंटर्नशिप, शोधायला लागलात की इंटरव्ह्यू इंग्रजीत छान होतो आणि शेवटी विचारतात टीमशी फ्रेंचमध्ये बोलाल ना? माझ्या दोन अशाच गेल्या. दोन महिन्यांपेक्षा मोठ्या स्ताजला पैसे द्यावेच लागतात, त्यामुळे तो प्रश्न महागात पडतो. जूनमध्ये डेल्फ बी-टू ही फ्रेंचची परीक्षा दिली, 100 पैकी 50 लागतात आणि प्रत्येक भागात 25 पैकी किमान 5. मला ऐकण्यात 11 मिळाले, लिहिण्याने तारलं.

तिसरी स्ताज मिळाली. समोर एकच माणूस असेल तर आता सगळं कळतं, पण दुपारी जेवायच्या टेबलावर सहा जण एकदम सुरू झाले की मी अजूनही सगळ्यांच्या अर्धा सेकंद नंतर हसते. परवा हसले तर सगळे गप्प झाले, विनोद नव्हताच, कोणाची तरी सायकल चोरीला गेली होती.