पायथनचे अपडेट लावताना या चुका टाळा

‘फक्त शेवटचा आकडा बदलला आहे, काही बिघडणार नाही,’ हे वाक्य ज्या संध्याकाळी कानावर पडते, त्या रात्रीचे जेवण वेळेवर होत नाही, असा माझा अनुभव आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती क्रमांकातील शेवटचा आकडा (३.९.१ चे ३.९.२) बदलताना नव्या सोयी येत नाहीत, हे खरे. परंतु जुने वर्तन जसेच्या तसे राहील, असे सुरक्षा दुरुस्तीच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही, कारण कित्येकदा त्या जुन्या वर्तनातच भोक असते.

पायथन ३.९.२ ही आवृत्ती १९ फेब्रुवारी २०२१ रोजी, लोकांनी आग्रह धरल्यामुळे, घाईने बाहेर काढण्यात आली. आमच्याकडे शिवजयंतीची सुट्टी होती आणि पुढे शनिवार-रविवार, म्हणून ‘गर्दी नाही तोवर लावून टाकू’ असे ठरवून आम्ही चाचण्या न चालवताच ती सर्व्हरवर चढवली. यूआरएलमधील माहितीचे तुकडे करताना पूर्वी अँपरसँड (&) आणि अर्धविराम (;) ही दोन्ही चिन्हे विभाजक मानली जात. या आवृत्तीपासून केवळ अँपरसँड मानले जाऊ लागले, कारण दोन चिन्हांच्या घोळातून वेब कॅशमध्ये (पानांच्या तात्पुरत्या साठ्यात) विषारी मजकूर घुसवता येत होता. आमच्या एका ग्राहकाची जुनी प्रणाली नेमके अर्धविरामच पाठवत असे. त्रुटीचा संदेश कुठेच आला नाही; पहिल्या रकान्याने पुढचे सगळे रकाने गिळले आणि सोमवारी हिशेब जुळेना, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. दुरुस्ती एका ओळीची होती, विभाजक म्हणून अर्धविराम स्पष्टपणे सांगण्याची. बिघडलेल्या नोंदी हाताने निस्तरण्यात मात्र आठवडा गेला. तेव्हापासून मी बदलांच्या यादीतील सुरक्षेचा भाग आधी वाचतो आणि त्यात ज्या मॉड्यूलची (पायथनच्या तयार कोडच्या भागांची) नावे येतात, ती आमच्या कोडमध्ये शोधतो. याला अर्धा तास लागतो, आणि नवशिक्यांना तो नेहमीच वाया गेल्यासारखा वाटतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये ३.१०.७ ने मजकुराचा दशमान पूर्णांक करताना सुरक्षेसाठी ४,३०० अंकांची मर्यादा घातली, तेव्हाही हाच प्रकार झाला. त्रुटी दिसताच ही मर्यादा शून्य करून उठवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

दुसरी चूक विंडोजवाल्यांची. ३.१२ पर्यंतच्या मालिकांना (पहिले दोन आकडे मिळून एक मालिका) सुमारे दीड वर्ष, आणि ३.१३ पासून दोन वर्षे, साधारण दर दोन महिन्यांनी बगफिक्स, म्हणजे साध्या चुका सुधारणाऱ्या, आवृत्त्या मिळतात. त्यानंतर एकूण पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत केवळ सुरक्षा दुरुस्त्या येतात, त्याही गरज पडेल तेव्हा आणि फक्त सोर्स कोडच्या रूपात. म्हणून ३.११ च्या मालिकेत ३.११.९ नंतर विंडोजसाठी अधिकृत इन्स्टॉलर आलेला नाही, आणि तो शेवटचा इन्स्टॉलर बसवून ‘आमचे अद्ययावत आहे’ असे सांगणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सोर्सपासून कंपाइल करण्याची, म्हणजे स्वतः चालता प्रोग्राम बनवण्याची, तयारी नसेल, तर बगफिक्सचा काळ संपण्यापूर्वीच पुढच्या मालिकेवर जावे. मी त्यासाठी सहा महिने आधीची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवतो.

मालिकेची मुदत ऑक्टोबरमध्ये संपते (३.८ ची २०२४ मध्ये संपली, ३.९ ची २०२५ मध्ये), म्हणून स्थलांतर ऑक्टोबरमध्ये सुरू करू नये, दसरा-दिवाळीत कोणीही जागेवर सापडत नाही.

डॉकरमध्ये (प्रोग्राम त्याच्या साऱ्या गरजांसह एका खोक्यात बांधणाऱ्या साधनात) आवृत्तीचे तिन्ही आकडे लिहावेत, म्हणजे ती नकळत बदलत नाही.

राहता राहिली पहिल्याच दिवशी धावण्याची हौस. २ एप्रिल २०२१ रोजी आलेल्या ३.९.३ मुळे ३२-बिट यंत्रांवर जुनी सी एक्स्टेन्शन्स (सी भाषेत लिहिलेली पायथनची जोडकामे) कोसळू लागली, आणि दोनच दिवसांत ३.९.४ काढून तो बदल मागे घ्यावा लागला. साधी बगफिक्स आवृत्ती मी आठवडाभर मुरू देतो. सुरक्षेची आवृत्ती त्याच दिवशी घेतो, पण ती आधी चाचणीच्या यंत्रावर चढते आणि चाचण्या पूर्ण झाल्याखेरीज पुढे सरकत नाही, मग सुट्टी असो वा नसो.