वागळे इस्टेटमधील जुन्या कारखान्याच्या जागेत व्यवसाय उभारताना या चुका टाळा

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 साली झाली आणि महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. तेव्हा गावाबाहेर असलेली ही वसाहत आज भर शहरात आहे, आणि जिथे एके काळी धातूंना मुलामा दिला जाई, रंग घोटले जात किंवा औषधांची रसायने तयार होत, त्या शेडमध्ये आता कार्यालये, व्यायामशाळा आणि उपाहारगृहांची स्वयंपाकघरे सुरू होत आहेत. बंद पडलेल्या जागा पुन्हा नांदत्या व्हाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. परंतु अशी जागा घेणारे बहुतेक जण पत्रे, खांब, रस्त्याची रुंदी आणि वाहनतळ पाहून किंमत ठरवतात, आणि कोब्याखाली काय मुरले आहे हा प्रश्न पैसे देऊन झाल्यावर विचारतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुकांचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

जागेचा पूर्वेतिहास न तपासणे ही त्यांतील सर्वांत महागात पडणारी चूक होय. शेवटच्या मालकाने तिथे केवळ गोदाम चालवले असेल. पण त्याच्या आधीच्या वीस वर्षांत काय चालत होते, हे महत्त्वाचे असते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेली जुनी संमतीपत्रे मागावीत, कारण कोणते उत्पादन, किती सांडपाणी आणि कोणता घातक कचरा याची नोंद त्यांत असते. कारखान्याचा परवाना आणि जुना मंजूर आराखडा पाहावा. त्याखेरीज, त्याच रस्त्यावर वर्षानुवर्षे चहाची टपरी चालवणाऱ्या माणसाला आणि निवृत्त कामगारांना आवर्जून भेटावे. ड्रम कुठे रचले जात, सांडपाणी कोणत्या शोषखड्ड्यात सोडले जाई, हे कागदावर न सापडणारे तपशील तेच सांगू शकतात. कोणत्या चाचण्या करायच्या, हे या माहितीवरूनच ठरते. प्रयोगशाळेला नुसते ‘माती तपासून द्या’ असे सांगितले, तर ती नेहमीच्या चाचण्या करून देईल आणि नेमका हवा तो घटक तपासायचा राहून जाईल.

नमुना कुठून घ्यायचा, यातही गफलत होते. आवारातील वरची माती बहुधा नंतर टाकलेल्या मुरमाच्या भरावाची असते आणि ती स्वच्छच निघते. दूषित थर त्याखाली, मूळ मातीत किंवा बेसाल्ट खडकाच्या भेगांमध्ये असतो. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलावर तरंगते, तर यंत्रभागांवरचे ग्रीस काढण्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा जड असल्याने खाली खडकापर्यंत उतरते. म्हणून एकाच खोलीवरचा एकच नमुना घेऊन निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. नमुन्यांसाठीची छिद्रे मुलाम्याच्या टाक्यांची जागा, गटाराची वाट, शोषखड्डा आणि ड्रमचा कोपरा येथेच घ्यावीत. पाण्याची तपासणी एकदा मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये करावी, कारण पावसाळ्यात भूजल वर चढते आणि उन्हाळ्यात कोरड्या असलेल्या थरातील रसायने त्यात विरघळतात. हवेत उडून जाणाऱ्या द्रावकांच्या चाचणीसाठीचे पाणी बाटलीत काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडाही न ठेवता, बर्फात प्रयोगशाळेपर्यंत न्यावे लागते.

जुन्या कोब्यावरच नवीन फरशी बसवणे ही चूक तर डोळ्यांदेखत घडते. मी पाहिलेल्या एका गाळ्यात पूर्वी क्रोमचा मुलामा देण्याचे काम चालत असे. नव्या मालकांनी तो घेऊन बेकरीसाठी सजवला, भिंतींना पांढऱ्या टाइल्स लावल्या आणि वर रंग दिला. पहिल्याच पावसाळ्यात टाइल्सच्या वरच्या रेषेपासून वीतभर उंचीपर्यंत लिंबाच्या सालीसारखा पिवळा पट्टा उमटला. मालकांनी त्यावरून बोट फिरवले, तेव्हा बारीक पूड हाताला लागली. रंगाऱ्याने ओल म्हणून जलरोधक लेप दिला; दुसऱ्या पावसाळ्यात पट्टा लेपाच्याही वर आला. ती साधी ओल नव्हती. मातीत मुरलेले षट्‌संयुजी क्रोमियमचे, म्हणजे त्या धातूच्या अधिक घातक रूपाचे, क्षार ओलीबरोबर भिंतीतून वर चढतात, पाणी सुकते आणि पिवळे क्षार मागे राहतात. असा डाग दिसला तर त्याला हात लावू नये आणि कोरडा घासू तर मुळीच नये, कारण ही पूड श्वासावाटे गेल्यास कर्करोगकारक आहे. भाग ओला ठेवून, योग्य मास्क लावून नमुना घ्यावा. दोष इमारतीच्या पायात असेल तर कोबा फोडून बाधित माती काढणे, किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली फेरस सल्फेटसारख्या रसायनाने त्या क्रोमियमचे कमी घातक, त्रिसंयुजी रूपात रूपांतर करणे, हे उपाय आहेत. त्यानंतरच ओलरोधक थर आणि फरशी घालावी. बंद खोलीत सकाळी शटर उघडताच गोडसर किंवा थिनरसारखा वास येत असेल, तर फरशीखालची वाफ आत येत आहे, असा संशय धरून हवेची तपासणी करावी. सुगंधी फवारे मारून तो प्रश्न सुटत नाही.

फोडलेला कोबा आणि बाधित माती राडारोड्याच्या गाडीत भरून खाडीकाठी रिकामी होते, हे पाहून जीव तुटतो. ठाण्याची खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. घातक कचऱ्याबाबतच्या 2016 च्या नियमांनुसार असा माल अधिकृत वाहनातून, नमुना (फॉर्म) 10 मधील वाहतूक-पत्रकासह, तळोजा येथील सुविधेसारख्या मान्यताप्राप्त ठिकाणीच गेला पाहिजे. त्या पत्रकाची प्रत हाती येईपर्यंत ठेकेदाराचे शेवटचे बिल चुकते करू नये. छताचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे हातोड्याने फोडू नयेत. ओले करून, अखंड उतरवून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावेत. जुना ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याला देण्याआधी त्यातील तेलाची पीसीबीसाठी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल या विषारी रसायनांसाठी) चाचणी करावी. 2016 च्या आदेशाने पीसीबीचा वापर बंद करण्यासाठी 31 डिसेंबर 2025 ही मुदत दिली होती.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर, महामंडळाचे भूखंड साधारणपणे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. त्यामुळे हस्तांतरण आणि वापरातील बदल या दोन्हींसाठी महामंडळाची संमती आधी घ्यावी. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम 2025 मध्ये आले असून शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावा, असे त्यांचे तत्त्व आहे. तरीही जुना मालक नंतर सापडेलच असे नाही, म्हणून किमतीचा काही भाग तपासणी अहवाल येईपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घालावी.

आपला व्यवसाय कोणता, हेही जमिनीला विचारूनच ठरवावे लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमची 0.05 मिलिग्रॅम आहे. आवारातील बोअरवेल यात बसत नसेल, तर खाद्यव्यवसायासाठी केवळ नळाचे पाणी घ्यावे आणि ती बोअरवेल शास्त्रीय पद्धतीने कायमची बुजवावी. बाधित कोपऱ्यात भाजीचे वाफे किंवा मुलांची खेळण्याची जागा न करता तिथे काँक्रीट घालून वाहने लावावीत.

खोदताना अचानक जुनी टाकी लागली, तर काम तिथेच थांबवावे, आतील द्रव पंपाने नाल्यात सोडू नये, कोणालाही टाकीत उतरू देऊ नये आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला लेखी कळवावे. आणि शेवटी, ज्या काँक्रीटखाली बाधित माती ठेवली आहे तो भाग नकाशावर ठळक रेखून, त्याची प्रत विजेच्या मुख्य पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून ठेवावी, म्हणजे पाच वर्षांनी नळजोडणीसाठी ड्रिल घेऊन येणाऱ्या कारागिराला छिद्र कुठे पाडायचे नाही हे कळेल.