केबलचा सिग्नल लेझरवर चढवताय? या चुका टाळा

प्रोजेक्टचा मोसम आला की इथरनेटचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्क केबलचा सिग्नल लेझरच्या किरणावरून हवेतून पाठवणाऱ्यांचं तेच गाऱ्हाणं. लेझर झकास लागतो, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो, पण पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का, हे बघायचं छोटं पॅकेट) काही जात नाही. बहुतेक वेळा लेझर बिचारा ठीक असतो. तारेतून नक्की काय वाहतंय, हे बघायलाच कोणाला वेळ नसतो.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे आरजे-४५ मधली (नेटवर्क केबलच्या प्लगमधली) पाठवणारी तारांची जोडी थेट लेझर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडणं. अहो, १०० एमबीपीएसच्या तारेवर व्होल्टेजच्या तीन पातळ्या असतात: अधिक, शून्य, उणे. चालू-बंद होणाऱ्या लेझरला त्यातल्या उणे आणि शून्यात फरकच करता येत नाही. गिगाबिटचं तर नावच काढू नका. तिथे चारही जोड्यांवर पाच-पाच पातळ्या, त्याही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. मी सरळ १००-बेस-एफएक्सचा (१०० एमबीपीएस फायबरचा) मीडिया कन्व्हर्टर घेतो, म्हणजे तारेचा सिग्नल फायबरच्या प्रकाशात बदलणारा डबा. त्याच्या फायबरच्या बाजूला दोनच पातळ्या मिळतात. हातानेच बनवायची हौस असेल तर १० एमबीपीएसपासून सुरुवात करा, त्याचं मँचेस्टर कोडिंग (बिट तारेवर मांडायची पद्धत) दोनच पातळ्यांचं आहे. ‘एवढ्या कमी स्पीडचं काय करायचं?’ म्हणणाऱ्यांनी आधी दहा चालवून दाखवावं.

दुसरी चूक शांततेची. एका कॉलेजच्या दोन गच्च्यांमध्ये पोरांनी १० एमबीपीएसची लिंक बसवली होती. मल्टिकास्टवर (उत्तराची वाट न बघता एकाच दिशेने) सोडलेला व्हिडिओ धो धो चालायचा, पण साधं पिंग टाकलं की एकही उत्तर नाही. पोरांनी लेन्स बदलली, लेझर बदलला, शेवटी लॅपटॉपही बदलला. सिग्नलची लहर दाखवणारा ऑसिलोस्कोप, म्हणजे स्कोप, मात्र कपाटात. तो लावल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. १०-बेस-टी (हेच ते तारेवरचं १० एमबीपीएस) गप्प असताना तारेवर साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक बारीक लिंक पल्स येतो, बाकी काही नाही. तेवढ्यात रिसीव्हरचा ऑटोमॅटिक गेन (सिग्नल बारीक झाला की आपोआप वाढणारं ॲम्प्लिफिकेशन) टोकाला चढायचा आणि पडद्यावर नुसता नॉइजचा पट्टा दिसायचा. मग पॅकेट यायचं. त्याचं प्रीॲम्बल (रिसीव्हरला जुळवून घ्यायला सुरुवातीला येणारे ठरावीक बिट) सगळं मिळून ६.४ मायक्रोसेकंदांचं, गेन खाली येईपर्यंत ते संपलेलं असायचं. व्हिडिओत पॅकेटं लागोपाठ येतात, म्हणून गेनला चढायला सवडच नव्हती.

चेक प्रजासत्ताकातल्या ‘रोंजा’ या मुक्त प्रकल्पाने यावर तोडगा कधीच काढलाय. रोंजा एलईडीवर चालतो, पण दुखणं तेच. तार गप्प झाली की कन्व्हर्टर स्वतःच १ मेगाहर्ट्झची चौकोनी लहर भरतो, म्हणजे रिसीव्हरला कायम काहीतरी ऐकू येतं. माझी सवय अशी: लिंक थोडा वेळ तशीच सोडायची आणि मग एकच पिंग टाकायचं. ते पहिल्या फटक्यात परत आलं तरच लिंक झाली म्हणायचं.

आता किरकोळ. नेटवर्क कार्डावरच्या लिंकच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच कन्व्हर्टरांत तो फक्त केबलपुरतं खरं बोलतो, मध्ये हात धरला तरी पेटलेलाच. हाती बनवलेल्या १० एमबीपीएसच्या डब्याला ऑटो-निगोशिएशन (दोन टोकांनी आपापसात स्पीड आणि पद्धत ठरवणं) जमत नाही, कार्ड हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच दिशा) जाऊन बसतं. दोन्ही टोकांना फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशा) हाताने लावा. लेझर पूर्ण विझवू नका, थ्रेशोल्डच्या (ज्या करंटला लेझर लागतो त्याच्या) जरा वर बायस, म्हणजे कायमचा करंट, ठेवून त्यावर सिग्नल चढवा. लेझर पॉइंटरमधलं आयतं सर्किट काढून टाका, ते मेगाहर्ट्झसाठी बनवलेलंच नसतं.

रिसीव्हरला एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा भाग) लावणाऱ्यांशी मी बोलत नाही. इथे एक बिट १०० नॅनोसेकंदांचा, आणि एलडीआरला जाग यायलाच मिलिसेकंद लागतात. फोटोडायोड (प्रकाशाचा करंट करणारा डायोड) घ्या, त्याला रिव्हर्स बायस (उलट दिशेचं व्होल्टेज) द्या. आणि नेम धरताना किरणात डोळा घालून ‘येतोय का रे?’ बघू नका. कागद धरा.