झाडावर चढताना हिचची (घर्षणगाठीची) दोरी कशी निवडावी आणि दोराला आय (टोकाचे कडे) कशी ओवावी

पावसाळ्यापूर्वी नाशिकमध्ये जुन्या वाड्यांच्या आवारातील चिंचा, गंगापूर रस्त्याकडेचे वड आणि बंगल्यांतील गुलमोहर यांच्या धोकादायक फांद्या उतरवण्याची कामे निघतात. त्या वेळी चढणाऱ्याच्या कमरेला बहुधा कांद्याचा ट्रक आवळण्याचा, हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा दोरच दिसतो. दुकानदार त्याला नायलॉन म्हणत असला तरी तो पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, त्यावर किती भार पेलेल हे कोठेही छापलेले नसते आणि साधारण १६५ अंश सेल्सिअसला तो वितळतो. सामान बांधण्यासाठी तो उत्तम आहे. माणसाचा जीव त्यावर टांगू नये.

हरिहर किंवा अंजनेरीला जाणारे आमचे गिर्यारोहक मित्र झाडासाठी आपला डायनॅमिक दोर देऊ करतात, तोही येथे चालत नाही. तो दोर कड्यावरून पडणाऱ्याचा झटका शोषण्यासाठी मुद्दाम ताणला जाणारा असतो. झाडावर माणूस दिवसभर दोरावर बसून काम करतो, त्यामुळे त्याला कमी ताणला जाणारा दोर लागतो. ईएन १८९१ या युरोपीय मानकातील ए प्रकारच्या दोराने किमान २२ किलोन्यूटन (सुमारे २,२०० किलो वजनाइतका) भार पेलला पाहिजे आणि ५० वरून १५० किलो भार केल्यावर त्याची लांबी ५ टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये. झाडकामासाठी ११.५ ते १३ मिलिमीटर जाडीचा असा दोर हाताला बरा पडतो.

आता हिचकडे वळू. फांदीवरून घेतलेल्या मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे वेढे देऊन जी घर्षणगाठ घालतात, तीच हिच; ती भार येताच आवळते आणि वरून हाताने दाबली की सरकते. प्रुसिक ही गाठ गिर्यारोहकांना ठाऊक असते. परंतु भाराखाली ती सहज सुटत नाही, म्हणून झाडावर सतत वर-खाली करणारे लोक डिस्टेल किंवा व्हीटी या घर्षणगाठी पसंत करतात. सुरुवात करणाऱ्याने डिस्टेल शिकावी, कारण वरच्या बाजूला चार आणि खालच्या बाजूला एक असे तिचे वेढे मोजता येतात आणि चूक झाली तर डोळ्यांना लगेच दिसते.

हिचच्या दोरीची निवड करताना लोक प्रथम तिची ताकद विचारतात; माझ्या मते प्रथम उष्णतेचा विचार करावा. झरझर उतरताना सारे घर्षण त्या चार-पाच वेढ्यांवर येते. पॉलिएस्टर सुमारे २५५ ते २६० अंशांना वितळते, नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना, तर डायनिमासारखे अतिबळकट पॉलिथिलीनचे तंतू १५० अंशांच्या आतच वितळतात. म्हणून डायनिमा गाभ्यात असला तर चालेल, वेढ्यांच्या बाहेरच्या आवरणात नको. टेक्नोरा किंवा केव्हलार या अरॅमिड तंतूंचे आवरण वितळत नाही, फार मोठ्या उष्णतेला ते जळत जाते, म्हणून चांगल्या हिच-दोऱ्यांचे आवरण अरॅमिडचे किंवा अरॅमिड-पॉलिएस्टर मिश्रणाचे असते. मात्र अरॅमिडला ऊन आणि पुनःपुन्हा वाकणे सोसत नाही. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात अशी दोरी गाडीच्या काचेमागे ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे होय.

दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी. १३ मिलिमीटरच्या दोरावर १० मिलिमीटरची आणि ११.७ मिलिमीटरच्या दोरावर ८ ते १० मिलिमीटरची दोरी साधारण जुळते. त्याहून महत्त्वाचा असतो तिचा मऊपणा. फार मऊ दोरी मुख्य दोराला घट्ट चिकटते आणि भाराखाली सुटत नाही. फार कडक दोरी पकडच घेत नाही. माझी पहिली दोरी अशीच मऊ निघाली होती आणि चिंचेवर दर वेळी ती सोडवण्यात माझ्या बोटांची ताकद संपत असे. म्हणून एखादी दोरी चांगली आहे की वाईट, हे ती कोणत्या दोरावर आणि किती वजनाच्या माणसासाठी आहे हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तयार दोरीची लांबी दोन्ही आयसह ७० ते ८० सेंटिमीटर ठेवावी. शिवलेली आय नसल्यास दोन्ही टोकांना कॅराबिनरभोवती (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीभोवती) दुहेरी फिशरमन या गाठीच्या पद्धतीने आवळणारी गाठ घालावी, शेपूट (मोकळे टोक) किमान १० सेंटिमीटर सोडावे आणि त्यासाठी सुमारे दीड मीटर दोरी कापावी.

गाठीमुळे दोराची ताकद लक्षणीय घटते. नीट ओवलेल्या स्प्लाइसमध्ये, म्हणजे दोराचे पदर त्याच दोरात ओवून केलेल्या जोडात, ती बहुतांशी टिकते. तरीही आवरण आणि गाभा दोन्ही विणलेल्या दोराची स्प्लाइस उत्पादकाच्या सूचनांनुसार आणि जाणकारासमोर शिकल्याशिवाय स्वतःच्या जीवाच्या दोरावर करू नये. हात बसवण्यासाठी फांद्या खाली सोडण्याचा तीन पदरी पिळाचा दोर घ्यावा.

१२ मिलिमीटरच्या दोराचे टोक सुमारे ३० सेंटिमीटर उकलावे, जेथे उकलणे थांबते तेथे दोऱ्याने घट्ट बांधावे आणि प्रत्येक पदराच्या टोकाला टेप लावावी. हवी तेवढी आय वळवून उकललेले पदर मूळ दोरावर ठेवावेत. दाभणाने मूळ दोराचा एक पदर उचलून मधला पदर त्याखालून पिळाच्या विरुद्ध दिशेने ओवावा. डावीकडचा पदर डावीकडच्या पुढील पदराखालून न्यावा. मग सर्व उलटे करून उरलेला पदर उरलेल्या एकमेव पदराखालून त्याच दिशेने, म्हणजे उजवीकडून डावीकडे घ्यावा. नवशिके येथेच चुकतात. तीन फटींतून तीन वेगळे पदर बाहेर आले आहेत ना, हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर प्रत्येक पदर एकावरून आणि एकाखालून, असे कृत्रिम धाग्याच्या दोरात किमान पाच फेरे करावेत; तंतू निसरडे असल्याने काथ्याच्या दोराला पुरणारे तीन फेरे येथे सुटू शकतात. शेवटी पदरांतील निम्मे तंतू कापून आणखी एक फेरा घ्यावा, म्हणजे जाडी एकदम तुटत नाही, आणि टोके सेंटिमीटरभर ठेवूनच कापावीत.

नवी हिच प्रथम गुडघाभर उंचीवर तपासावी: पूर्ण वजन टाकून बसावे, पकड घेते का पाहावे, सोडावे, पुन्हा बसावे. पावसात दोर भिजला की तीच हिच वेगळी वागते, म्हणून जूनमध्ये ही चाचणी नव्याने करावी. करवत एका घासात दोर कापू शकते, यासाठी कापताना दुसरा आधार-दोर बांधलेला असलाच पाहिजे. झाड शहरात असल्यास १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी आधी घ्यावी.

दर चढाईपूर्वी हिचची दोरी बोटांतून फिरवावी. चकाकणारा कडक भाग, विरलेले आवरण किंवा दिसू लागलेला गाभा आढळल्यास ती काढून टाकावी आणि तिचे हातभर लांबीचे तुकडे करावेत, म्हणजे दुसरे कोणी ती उचलून झाडावर नेणार नाही.