खाडीतले प्राणिप्लवक मोजताना या चुका टाळा

प्राणिप्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे, बहुतेक बारीक प्राणी. सकाळी वाशिष्ठी खाडीच्या मुखाशी, दाभोळला, त्यांच्यासाठी जाळे ओढले, दुपारी खाडीत वर गोवळकोटला. दोन्हींतले जीव निराळे निघाले की लगेच ‘जागेनुसार फरक’ असे लिहून मोकळे होऊ नका. सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. खाडीत दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात आणि तेवढ्यात पाणी प्लवकांना घेऊन खाली-वर होते. एक ठिकाण भरतीला आणि दुसरे ओहोटीला घेतले, तर फरक जागेचा की वेळेचा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून भरती धरून मुखाकडून वर जा. उधाणाचे (मोठ्या भरतीच्या दिवसांचे) आणि भांगाचे (लहान भरतीच्या दिवसांचे) नमुने एकत्र करू नका. दर ओढीला पृष्ठभागाची आणि तळाची क्षारता टिपा. आकडे अंतराऐवजी क्षारतेवर मांडले की बरेच कोडे उलगडते. रात्रीचे नमुनेही वेगळे ठेवा, कारण दिवसा तळाशी राहणारे कितीतरी जीव अंधारात वर येतात.

दुसरी चूक पावसाळा गाळण्याची. जून-जुलैत मासेमारी बंद, होडी मिळत नाही, मग मे आणि ऑक्टोबरच्या मधून सरळ रेघ ओढली जाते. पण खाडी खरी बदलते ती याच दिवसांत: वरच्या भागात गोडे पाणी भरते, समुद्री कोपेपॉड (कोळंबीच्या वर्गातले बारीक कवचधारी जीव) मुखाकडे ढकलले जातात, नदीतले रोटिफर (गोड्या पाण्यातले अतिसूक्ष्म प्राणी) दिसू लागतात. होडी नसेल तर जेटीवरून बादलीने ठरावीक पाणी घेऊन जाळीतून गाळा. आकडा होडीच्या ओढीशी जुळणार नाही, पण काय बदलले ते कळेल.

त्याच गढूळ पाण्यात जाळे तुंबते. तेवढ्याच वेळात, तेवढ्याच वेगाने ओढूनही फ्लोमीटरचे (जाळ्यातून किती पाणी गेले ते मोजणाऱ्या चक्रीचे) फेरे कमी पडले तर ओढ छोटी करा आणि जाळे धुऊन पुन्हा टाका. २०० मायक्रॉनच्या जाळीतून कोपेपॉडची पिल्ले निसटतात, तेव्हा ‘पिल्ले नाहीत’ असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

नमुन्यातल्या प्लवकांचे एकूण आकारमान अचानक वाढले तर आधी जेलीसारखे जीव वेगळे काढून मोजा. शिंपल्यांच्या अळ्या ओळखू येत नसतील तर नमुना टिकवायला वापरलेले फॉर्मेलिन तपासा: बोरॅक्स न घातल्यास ते आम्लधर्मी होते आणि कवच विरघळते.