पॉलिश केलेल्या दगडी व टेराझो फरशीवर घसरण्याचा धोका कसा कमी करावा

संगमरवर, ग्रॅनाइट किंवा टेराझोची (सिमेंट वा इपॉक्सी राळेत दगडाचे खडे बसवून केलेली) पॉलिश केलेली फरशी कोरडी आणि स्वच्छ असताना सहसा निसरडी नसते. धोका सुरू होतो तो तिच्यावर पाणी, तेल किंवा साबण पडल्यावर. खडबडीत दगडावरील बारीक उंचवटे पाण्याचा थर भेदून पादत्राणाच्या तळाला भिडतात. पॉलिश करताना नेमके हेच उंचवटे घासले जातात, त्यामुळे टाच टेकताना पाणी मध्येच अडकते आणि पाय सरकतो. म्हणून आधी पाणी अडवावे, मग फरशी पुसण्याची पद्धत सुधारावी आणि एवढ्याने भागले नाही तरच दगडाला हात लावावा. अनेक जण दगड खरखरीत करण्यासाठी थेट आम्लापासून सुरुवात करतात, ती घाई महागात पडते.

पाणी कुठून येते ते प्रथम पाहावे. प्रवेशद्वारी टाकलेले वीतभर पायपुसणे जवळजवळ निरुपयोगी असते. दोन्ही पायांची काही पावले पडतील इतकी लांब, रबरी तळाची चटई हवी आणि ती भिजून चिंब होण्याआधी बदलायला हवी. गळके नळ, वातानुकूलन यंत्राचे ठिबकणारे पाणी आणि कुंड्यांखालचा ओलावा यांचा बंदोबस्त मुळाशीच करावा.

पुसण्याच्या पद्धतीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, पण माझ्या मते निम्मे काम तिथेच होते. डिटर्जंट जास्त घातला किंवा नीट धुतला गेला नाही, तर त्याचा अदृश्य थर फरशीवर साचतो आणि पुढच्या वेळी पाणी पडताच बुळबुळीत होतो. उदासीन पीएचचे (ना आम्लधर्मी, ना अल्कधर्मी) द्रावण मोजून घ्यावे, धुण्यासाठी आणि फडके खळबळण्यासाठी वेगळ्या बादल्या ठेवाव्यात, शेवटी स्वच्छ पाणी फिरवून रबरी वायपरने व कोरड्या फडक्याने फरशी कोरडी करावी. नुसते पिळलेले फडके गुळगुळीत दगडावर घसरण्याइतका ओलावा मागे ठेवते, म्हणून फरशी सुकेपर्यंत तो भाग बंद ठेवणे हाच खरा उपाय आहे. ‘फरशी ओली आहे’ असा इशारा देणारी पिवळी पाटी हा त्याला पर्याय नव्हे. मेण, सिलिकोनयुक्त चकाकी आणि तेल लावलेले धूळझाडणे टाळावे.

यानंतर पकड मोजून घ्यावी, आणि तीही ओल्या फरशीवर. लोलक चाचणीत (रबरी तळ लावलेला लोलक फरशीला घासत झोकवून पकड मोजतात) ३६ किंवा अधिक मूल्य आले तर धोका कमी, २५ ते ३५ असेल तर मध्यम आणि २४ किंवा त्याहून कमी असेल तर जास्त मानला जातो. बूट घासून लावलेल्या अंदाजावर निर्णय घेऊ नये.

मूल्य कमीच राहिले, तर हिऱ्याच्या चकत्यांनी फरशी पुन्हा घासून पॉलिश उतरवणे हा टिकाऊ मार्ग आहे. चकाकी गेली म्हणजे पकड आली असे नसते: ४०० क्रमांकाच्या चकतीवर (क्रमांक जितका मोठा तितकी चकती बारीक) थांबूनही ओल्या जागी फरशी निसरडी राहू शकते, म्हणून आडबाजूच्या तुकड्यावर नमुना करून तो मोजावा. आम्लाने संगमरवर आणि टेराझोतील संगमरवरी खडे खरवडले जातात, सिमेंटचा बंधही झिजतो; इपॉक्सी टेराझोत मात्र बंध तसाच राहून खड्यांवरच बारीक खळगे पडू शकतात व त्यांत मळ साठतो. ग्रॅनाइटवर हायड्रोक्लोरिक आम्लाचा फारसा परिणाम होत नाही, आणि त्यासाठी विकली जाणारी हायड्रोफ्लोरिक आम्लयुक्त रसायने त्वचेतून शरीरात शिरून जिवावर बेतू शकतात. ती अप्रशिक्षित हातांत देऊ नयेत. डाग रोखण्यासाठी दगडात मुरणारे सीलर पकड वाढवत नाही. बारीक कणांचे पारदर्शक लेपन पकड वाढवते, परंतु वर्दळीच्या मार्गावर ते आधी झिजते, म्हणून मोजणी तिथेच करावी. पायऱ्यांवर पुढच्या कडेला वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी लावावी.

खडबडीत केलेली फरशी मळ धरून ठेवते, त्यामुळे यापुढे ती फडक्याऐवजी ब्रशाने घासावी लागेल. तसे न केल्यास तेलकट थराने उंचवटे भरून जाऊन मिळवलेली पकड पुन्हा कमी होते.